नभोवाणी आणि वर्णभेद

मनुष्य मनुष्याला प्रथम पाहतो आणि मग त्याचें ऐकतो. पाहिल्याबरोबर त्याचा वर्ण, वेष व राहणी यांवरून मनांत कांहीं एक ग्रह होतो, आणि पुढें तो बोलूं लागला म्हणजे त्या ग्रहाच्या चाळणींतूनच त्याचे शब्द आपल्या कानीं पडतात. नभोवाणीचें तसें नाहीं. तिच्यांत बोलणारा दिसत नाहीं. नुसता आवाज येतो. तेव्हां जी विषमता मुख्यत्वेंकरून डोळ्यांनीं पाहिलेल्या रंगावर उभारलेली आहे, तिच्याविरुद्ध बोलण्यास नभोवाणीसारखें दुसरें साधन नाहीं, असें कोणासही वाटेल. परंतु साधन चांगलें असणें आणि तें आपल्या हातीं असणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. विषमतेवर कार्यक्रमांची मालिका कशी रचली जाते, तिला कोणते श्रम पडतात व ती कशानें बंद पडते, हें एका प्रत्यक्ष उदाहरणावरून विद्यार्थ्यांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

उदाहरण अमेरिकेंतील आहे. तरी तें महाराष्ट्रीय वाचकांस अगदींच परकें वाटूं नये. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें, तेव्हां अमेरिकेंतील गुलामांच्या मुक्ततेकरितां झटलेल्या तेथील सज्जनांस त्यांनीं तें अर्पण केलें होतें. पुढें १९४६ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांस पत्र लिहून, तेथील कृष्णवर्णीयांनीं संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या. म्हणजे त्या लोकांच्या लढ्याकडे आपल्याकडील विचारवंत पुरुषांचें लक्ष पूर्वीपासूनच होतें.

प्रथम स्थलकालाची कल्पना यावी. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. परंतु दक्षिणेकडील संस्थानांनीं पुढें निराळे कायदे करून कृष्णवर्णीयांच्या शाळा, आगगाडींतील बसण्याच्या जागा, इतकेंच काय पण पाणी पिण्याचे नळही वेगळे ठेविले, आणि त्यांचा मतदानाचा हक्क नानाप्रकारच्या अटी घालून निरुपयोगी करून टाकिला. या जाचास कंटाळून व कारखान्यांतील मजुरीच्या आशेनें पहिल्या महायुद्धाच्या सुमारापासून लाखों कृष्णवर्णीय लोक उत्तरेकडील शहरांत येऊं लागले. शिकागो हें त्यांपैकीं एक प्रमुख शहर. तेथें तसे कायदे नव्हते; पण अनेक वस्त्यांत घरांच्या दस्तऐवजांतच, ‘हें घर कृष्णवर्णीयास विकूं अगर भाड्यानें देऊं नये,’ अशा अर्थाची अट घातलेली असे. त्यामुळें शहराच्या दक्षिण भागांतील एका अरुंद पट्ट्यांत हे लोक दाटीवाटीनें राहत. १९१९ च्या जुलै महिन्यांत मिशिगन सरोवरांत पोहणारा एक कृष्णवर्णीय मुलगा, एका गोऱ्यानें दगड मारल्यामुळें, बुडून मरण पावला, व त्यावरून उसळलेल्या दंग्यांत ३८ माणसें प्राणांस मुकलीं. घरांच्या दस्तऐवजांतील असल्या अटी न्यायालयांनीं अमलांत आणूं नयेत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें दिला, तो ३ मे १९४८ रोजीं.

त्या काळीं अमेरिकेंत बहुतेक घरांत रेडिओ होता. परंतु त्यांतून कृष्णवर्णीय मनुष्य ऐकूं येई तो कसा? १९२८ सालीं शिकागोच्या डब्ल्यू. एम. ए. क्यू. या केंद्रावरून ‘एमॉस अँड अँडी’ नांवाची विनोदी मालिका सुरू झाली व थोड्याच काळांत ती देशभर लोकप्रिय झाली. तिच्यांतील एमॉस व अँडी हे दोघेही कृष्णवर्णीय. परंतु त्यांचीं सोंगें वठविणारे फ्रीमन गॉस्डेन व चार्ल्स कॉरेल हे दोघे नट गोरे होते. तोंडीं मोडकीं वाक्यें घालून हे नट श्रोत्यांस हंसवीत. ज्यांनीं कृष्णवर्णीय शेजारी कधीं पाहिला नव्हता, अशा कित्येक घरांत हाच त्या समाजाचा परिचय ठरला. आवाजाला रंग नसतो हें जितकें खरें, तितकेंच आवाजालाही खोटा रंग फांसतां येतो हें खरें आहे.

त्याच केंद्रावरून, बरोबर वीस वर्षांनीं, २७ जून १९४८ रोजीं रविवारीं सकाळीं एक निराळीच मालिका ऐकूं आली. तिचें नांव ‘डेस्टिनेशन फ्रीडम’, म्हणजे स्वातंत्र्य हेंच जेथें पोंचावयाचें तें ठिकाण. तिचे लेखक रिचर्ड डरहॅम. त्यांचा जन्म १९१७ सालीं मिसिसिपी संस्थानांतील रेमंड या गांवीं झाला. ते लहान असतांनाच त्यांचें कुटुंब शिकागोस येऊन राहिलें. मंदीच्या दिवसांत बेकार लेखकांस काम मिळावें म्हणून सरकारनें जी योजना काढली होती, तिच्या इलिनॉय संस्थानांतील शाखेंत नभोवाणीसाठीं लिहिण्याचा त्यांस सराव झाला. पुढें १९०५ पासून चालत आलेल्या ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत त्यांनीं काम केलें, आणि १९४७ सालीं एका कृष्णवर्णीय कुटुंबाची कथा सांगणारी ‘हिअर कम्स टुमारो’ ही मालिका लिहिली. वृत्तपत्रांतील कामानें वस्तुस्थिति पारखण्याची व नाट्यलेखनानें ती बोलकी करण्याची अशा दोन्ही कला त्यांच्या अंगीं आल्या होत्या. आरंभीं ‘डिफेंडर’ पत्रानें नव्या मालिकेस पाठबळ दिलें.

दर आठवड्यास अर्धा तास आणि प्रत्येक वेळीं नवी नाटिका, असा हा क्रम सुमारें दोन वर्षें चालला, व डरहॅम यांनीं एकट्यानें सुमारें नव्वद नाटिका लिहिल्या. हें काम कसें होत असे, हें पाहिल्यानें अशा मालिकेचें मर्म कळून येतें.

पहिलें काम शोधाचें. शाळांतील इतिहासाच्या पुस्तकांत कृष्णवर्णीय पुरुषांचीं व स्त्रियांचीं चरित्रें बहुधा नसत. जीं असत तीं गुलामगिरीच्या एखाद्या प्रकरणांत उल्लेखापुरतीं. डरहॅम यांस आधार मिळाला तो शिकागोच्या दक्षिण भागांतील, १९३२ सालीं उघडलेल्या, जॉर्ज क्लीव्हलंड हॉल नांवाच्या शाखा-ग्रंथालयाचा. तेथील प्रमुख ग्रंथपाल व्हिव्हियन हार्श या स्वतः कृष्णवर्णीय होत्या, व त्यांनीं आपल्या समाजाविषयींचीं पुस्तकें, हस्तलिखितें व वृत्तपत्रांतील कात्रणें मोठ्या चिकाटीनें जमविलीं होतीं. नभोवाणीच्या इतिहासांत लेखकाचें व नटांचें नांव राहतें. परंतु ज्या बाईनें कागद जपून ठेविले, तिच्यावांचून सांगण्यास गोष्टच उरली नसती, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

दुसरें काम निवडीचें. अर्ध्या तासांत संपूर्ण चरित्र मावत नाहीं. म्हणून ज्या क्षणीं मनुष्यास दोन मार्गांपैकीं एक धरावा लागतो, असा एखादा प्रसंग घेऊन त्याच्याभोंवतीं नाटिका गुंफावी लागते. पहिल्या दिवशींची नाटिका क्रिस्पस ॲटक्स याच्यावर होती. ५ मार्च १७७० रोजीं बोस्टन शहरांत इंग्रज शिपायांच्या गोळीबारांत जे पांच जण मारले गेले, त्यांपैकीं हा एक. अमेरिकेच्या स्वातंत्र्याकरितां प्रथम ज्यांचें रक्त सांडलें, त्यांत एक कृष्णवर्णीयही होता, ही गोष्ट श्रोत्यांपुढें ठेवून डरहॅम यांनीं मालिकेचा आरंभ केला. पुढच्या नाटिकांत स्वतः निसटून आल्यावर परत परत दक्षिणेंत जाऊन इतरांस सोडवून आणणारी हॅरिएट टबमन आली. हैती बेटांतील गुलामांच्या उठावाचा पुढारी तूसाँ लूव्हर्त्यूर आला. शिकागोच्या प्रॉव्हिडंट रुग्णालयांत १८९३ सालीं छातींत भोसकलेल्या एका माणसावर हृदयाजवळची शस्त्रक्रिया करून त्याचे प्राण वांचविणारे डॉ. डॅनिएल हेल विल्यम्स आले. हीं माणसें डरहॅम यांनीं साधुसंत करून दाखविलीं नाहींत. तीं रागावतात, थकतात, चुकतात, थट्टाही करतात. ज्याची पूजा करावयाची त्याच्यापासून आपण दूर उभे राहतों. आणि डरहॅम यांस श्रोता जवळ आणावयाचा होता.

तिसरें काम कथनाची युक्ति शोधण्याचें. रंगभूमीवर पडदा व पोशाख असतात. नभोवाणीवर तसलें कांहींच नसल्यामुळें, गोष्ट कोणाच्या तोंडून सांगावी या प्रश्नास फार महत्त्व येतें. येथें डरहॅम यांची कल्पकता दिसून येते. प्रसिद्ध वादक लुई आर्मस्ट्राँग यांची कथा त्यांच्या ट्रंपेट या वाद्याच्याच तोंडून ऐकूं येते. गोऱ्यांच्या मोठ्या संघांत १९४७ सालीं प्रवेश करणारा बेसबॉल खेळाडू जॅकी रॉबिन्सन याची हकीकत ब्रुकलिनचा एक सामान्य क्रीडावेडा पद्यांतून सांगतो, आणि त्या वेड्याचें काम पुढें नामांकित झालेले मुलाखतकार स्टड्स टर्केल यांनीं केलें होतें. उपदेशकाच्या तोंडून तीच हकीकत आली असती, तर रविवारीं सकाळीं कित्येकांनीं रेडिओचा कान पिळून दुसरें केंद्र लाविलें असतें. आपल्यासारखाच एक खेळाचा शौकीन बोलतो आहे असें वाटल्यामुळें ज्यास हा विषय नकोसा, तोही श्रोता शेवटपर्यंत बसून राहावा, अशी ही योजना होती.

चौथें काम आवाजांचें. ऑस्कर ब्राऊन, फ्रेड पिंकार्ड, वेझलिन टिल्डन, जॅनिस किंग्स्लो असे कृष्णवर्णीय नट व नटी या मालिकेंत नेहमीं काम करीत, आणि त्यांच्या जोडीला गोरे नटही असत. ‘एमॉस अँड अँडी’ मधील नक्कल येथें पार नाहींशी झाली. वकील वकिलासारखा, मजूर मजुरासारखा आणि आई आईसारखी बोलूं लागली. या नटांपैकीं जॅनिस किंग्स्लो यांची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यांचा वर्ण इतका उजळ होता कीं, नांव बदलून गोरी स्त्री म्हणून वावरण्याचें कबूल केल्यास चित्रपटांत काम देऊं, असें त्यांस सांगण्यांत आलें होतें. त्यांनीं तें नाकारिलें, व आपण तें कां नाकारिलें हें १९५० सालीं एका मासिकांत लेख लिहून सांगितलें. जेथें चेहरा दिसत नाहीं अशा ठिकाणीं काम करणाऱ्या या बाईनें, जेथें चेहरा दिसतो तेथें तो खोटा करून दाखविण्यास नकार दिला.

पांचवें काम सर्वांत अवघड, आणि तें म्हणजे जुन्या काळास आजच्या काळाशीं जोडण्याचें. मेलेल्या वीरांची स्तुति सर्वांस गोड लागते, कारण तिच्यापासून कोणास कांहीं द्यावें लागत नाहीं. डरहॅम तेथें थांबले नाहींत. १९४९ सालीं आर्चिबाल्ड केअरी या धर्मोपदेशकानें, जे शिकागोच्या नगरसभेचे सभासदही होते, असा ठराव आणिला कीं, सार्वजनिक साहाय्यानें बांधलेल्या घरांत वर्ण पाहून कोणास मज्जाव करूं नये. तो ठराव नामंजूर झाला. त्याच वर्षीं डरहॅम यांनीं त्यावर नाटिका लिहून ती केंद्रावरून ऐकविली. आतां प्रश्न १७७० सालचा राहिला नाहीं. ज्या गल्लींत श्रोता बसला होता, त्या गल्लींतला झाला.

येथेंच अडचणीही वाढल्या. केंद्र डरहॅम यांच्या मालकीचें नव्हतें. तें नॅशनल ब्रॉडकास्टिंग कंपनीचें होतें. प्रत्येक नाटिका अगोदर अधिकाऱ्यांच्या हाताखालून जाई. कांहीं वाक्यें सौम्य करण्यांत येत, कांहीं विषयांस नकार मिळे, व लेखकास प्रत्येक वेळीं वाद घालून आपला मजकूर राखावा लागे. बहुतेक काळ मालिकेस जाहिरातदार नसल्यामुळें तिच्या मागें पैशाचें बळही नव्हतें. शिवाय देशांत साम्यवादाविषयीं भीतीचें वारें वाहूं लागलें होतें, आणि समतेची गोष्ट बोलणाऱ्याकडे संशयानें पाहिलें जाई. १९५० च्या उन्हाळ्यांत डरहॅम यांची मालिका संपली. त्यानंतर जें घडलें तें अधिक बोधप्रद आहे. तेंच नांव कायम ठेवून केंद्रानें दुसरेच कार्यक्रम सुरू केले; त्यांत स्वातंत्र्ययुद्धांतील गोरा वीर पॉल रिव्हियर हा निवेदक झाला, आणि कृष्णवर्णीयांच्या कथांची जागा रूढ देशभक्तीच्या कथांनीं घेतली. पाटी तीच, दुकान तेंच, माल मात्र बदलला. आपल्या लेखनावरील हक्कासाठीं डरहॅम यांस न्यायालयाचा मार्ग धरावा लागला.

तरी श्रम वायां गेले असें म्हणतां येणार नाहीं. पुष्कळ नाटिकांच्या तबकड्या शिल्लक राहिल्या व त्या आजही ऐकावयास मिळतात. कांहीं संहिता १९८९ सालीं पुस्तकरूपानें छापल्या गेल्या. डरहॅम १९८४ सालीं वारले, आणि २००७ सालीं अमेरिकेच्या नभोवाणी-क्षेत्रांतील सन्मान्य व्यक्तींच्या यादींत त्यांचें नांव घालण्यांत आलें. परंतु ज्या प्रश्नावर मालिका अडली, तो प्रश्न तसाच उभा राहिला : गोष्ट आमची, लेखक आमचा, आवाज आमचे; मग मायक्रोफोन कोणाचा?

या प्रश्नाचें एक उत्तर मालिका चालू असतांनाच मिळालें होतें. १९४९ सालीं अटलांटा शहरांत जेसी ब्लेटन या कृष्णवर्णीय गृहस्थानें डब्ल्यू. ई. आर. डी. हें केंद्र विकत घेतलें. कृष्णवर्णीयाच्या मालकीचें अमेरिकेंतील तें पहिलें केंद्र होय. परंतु केंद्र विकत घेण्याइतका पैसा किती जणांपाशीं असणार? म्हणून दुसरें उत्तर निघालें, तें सामुदायिक नभोवाणीचें. हिच्यांत केंद्र कोणा धनिकाचें किंवा सरकारचें नसून, लहानशा टापूंतील लोकांच्या संस्थेचें असतें. तेथील लोकच कार्यक्रम ठरवितात, करतात व ऐकतात. दक्षिण आफ्रिकेंत वर्णभेद हेंच राज्याचें धोरण असतांना, १९८९ सालीं केपटाऊन येथील कांहीं कार्यकर्त्यांनीं भाषणें, कविता व गाणीं ध्वनिफितींवर घेऊन तीं वस्त्यावस्त्यांतून वांटण्यास आरंभ केला. त्यांतूनच ‘बुश रेडिओ’ निघाला. १९९३ सालीं त्यानें परवान्यावांचून ध्वनिक्षेपण केलें, तेव्हां पोलिसांनीं यंत्रें जप्त केलीं. पुढें राज्य बदललें, आणि १९९५ सालीं त्याच केंद्रास कायदेशीर रीतीनें बोलण्याची मोकळीक मिळाली.

आपल्या देशांतही याच १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, आकाशांतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यानंतर सामुदायिक केंद्रें काढण्याची परवानगी २००२ सालीं शिक्षणसंस्थांस व २००६ सालीं लोकसेवा करणाऱ्या इतर संस्थांसही देण्यांत आली. १५ ऑक्टोबर २००८ रोजीं, हल्लींच्या तेलंगणांतील माचनूर या खेड्यांत ‘संगम रेडिओ’ सुरू झाला, आणि तो चालविणाऱ्या स्त्रिया दलित समाजांतील, शेतावर राबणाऱ्या आहेत. बियाणें, पाऊस, दुखणीं, गाणीं हे विषय त्या आपल्याच बोलींत मांडतात. सातारा जिल्ह्यांत म्हसवड येथें त्याच वर्षीं ‘माणदेशी तरंग’ हें केंद्र निघालें. या केंद्रांची शक्ति थोडी, आवाज थोड्या कोसांपलीकडे जात नाहीं, आणि स्वतः बातम्या तयार करून देण्याची मोकळीक त्यांस नाहीं. तरी ज्या स्त्रीला गांवच्या सभेंत कोणी बोलूं देत नसे, तिच्या हातीं मायक्रोफोन आला, ही गोष्ट लहान नव्हे.

आतां शेवटीं विद्यार्थ्यांस दोन शब्द. ध्वनि टिपून घेण्याचें साधन हल्लीं बहुतेक घरीं आहे, व शाळेंतही असे कार्यक्रम करतां येण्यासारखे आहेत. आपल्या गांवांतील विषमतेवर एखादी लहानशी मालिका करावी असें कोणास वाटल्यास त्यानें वरील इतिहासापासून थोडी शिस्त घ्यावी. प्रथम कागदपत्रें व वृद्ध माणसें यांजकडून वस्तुस्थिति समजून घ्यावी, आणि ऐकीव गोष्ट दुसऱ्या आधारावांचून खरी मानूं नये. ज्याची हकीकत घ्यावयाची त्याची परवानगी घ्यावी, त्याच्या शब्दांत त्यास बोलूं द्यावें, व तयार झालेला भाग लोकांस ऐकविण्यापूर्वीं त्यास ऐकवावा. त्यास जें जगापुढें येऊं नये असें वाटेल, तें काढून टाकावें. कोणाच्याही बोलीची नक्कल करून हंसें मिळवूं नये. दुःखाची यादी न देतां एक मनुष्य, एक प्रसंग व त्यानें केलेला एक निश्चय एवढेंच घ्यावें. आणि ज्या अन्यायास आपण स्वतः रोज पाहून न पाहिल्यासारखें करतों, त्याविषयींही एक तरी भाग करावा; तो भाग सर्वांत कमी लोकांस आवडेल, आणि बहुधा तोच सर्वांत आवश्यक असेल.

सरतेशेवटीं, कार्यक्रम कोणी बोलावयाचा हें ठरवितांना वर्गांतील ज्या मुलाचा किंवा मुलीचा आवाज आजवर कोणी ऐकिला नाहीं, त्याचें किंवा तिचें नांव प्रथम घ्यावें. सुस्पष्ट उच्चारांचे विद्यार्थी तर व्यासपीठावर नेहमींच असतात. त्यांनीं एकदां श्रोत्यांच्या बाकावर बसून पाहण्यास हरकत नाहीं.